कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा

माझा उजवा हात आज डोक्यावर जातो, आणि डोक्यावर ओझं असलं तर ते धरूनही ठेवतो. ऑपरेशननंतर तो कमरेच्या वर येत नव्हता. मधल्या काळात काय झालं ते लिहिते आहे, कारण माझी धाकटी बहीण सुमन धुळ्यात देवपूरला राहते, तिच्या ओळखीतून अशा आजाराच्या बायका माझ्याकडे येतात, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसायला मला वेळ नसतो. आमचं चोपड्याजवळ शेतीचं घर आहे. केळी आणि कापूस. कामं थांबत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी मोठ्या धीराने बरी झाले असं सगळे म्हणतात. मी रागाने बरी झाले. ज्यांना धीर जमतो त्यांनी धीर धरावा. ज्यांना जमत नाही त्यांनी घाबरू नये, रागानेही काम होतं.

गाठ

कापूस वेचताना आम्ही पदराची ओटी बांधतो, तिचं टोक खांद्यावरून घेऊन छातीवर गाठ मारतो. एक दिवस घरी येऊन ओटी सोडली तरी उजव्या बाजूला काहीतरी टोचतच राहिलं. हात लावून पाहिला तर आत हरभऱ्याएवढं कडक काही. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं हीच चूक झाली. दुखलं असतं तर मी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठला असता.

घरात सांगितलं तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्काने, लेप सांगितला. मोठे दीर नाना, त्यांनी ओळखीच्या वैद्याकडून तो आणून दिला. पिवळा, उग्र वासाचा. मी तो तीन वेचण्या होईपर्यंत लावला. तेवढ्यात हरभऱ्याची सुपारी झाली.

अक्काला इथे मी अगं-तुगं करते आहे. तोंडावर अजूनही अहो-जाहोच करते. कागदावर तेवढी मोकळीक मी घेणार.

सुमनकडे बारशाला गेले होते, तिथे आंघोळीच्या वेळी तिने पाहिलं. ती शाळेत शिकवते, तिला आरडाओरडा करायची सवय नाही. तिने फक्त माझ्या अंगावर टॉवेल टाकला आणि म्हणाली, चल. रिक्षात बसवून सिस्टर लोकांच्या, म्हणजे मिशनच्या, हॉस्पिटलात नेलं. बारशाचं जेवण राहिलं.

नाव घ्यायचं नव्हतं त्या दिवशी

तपासणीचं कळायला वेळ लागला, तोवर आमचे हे गावाहून आले. डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. दाराला पडदा होता. पडद्याच्या आड बोललेलं ऐकू येत नाही असं शिकलेल्या माणसांना का वाटतं, मला कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, पेशंटला नाव सांगू नका, खचून जाईल. ह्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं रडत असतील. मग त्यांनी विचारलं, "हात चालेल ना, डॉक्टर? घरचं-शेतातलं सगळं तीच करते."

मी पडदा बाजूला केला आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. म्हटलं, पेशंट इथे आहे, काय ते पेशंटला सांगा. डॉक्टर भले होते, त्यांनी सांगितलं. उजवी छाती काढावी लागेल, काखेतलंही बरंच काढावं लागेल, हात काही दिवस जड राहील, व्यायाम केला तर उचलेल, नाही केला तर तसाच राहील.

त्यानंतर बरेच जण मला विचारतात की ते ऐकून काय वाटलं. रोगाची भीती वाटली, ती सगळ्यांना वाटते. पण मनात जाऊन बसलं ते दुसरंच. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याबद्दल पहिला प्रश्न विचारला तो हाताबद्दल. बैलाचा पाय मोडला की माणसं जसं विचारतात, तसं.

वॉर्ड

हॉस्पिटलचा दिवस फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. मग चहा, मग ड्रेसिंग. काखेतून एक नळी निघून बाटलीत जायची, ती बाटली घेऊन मी संडासला जायचे, जशी कोणी बाई पर्स घेऊन जाते. ड्रेसिंगला ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी ओरडले. दुसऱ्या दिवशी ठरवणं सोडून दिलं आणि मनसोक्त ओरडले, बरं वाटलं.

आमच्या वॉर्डाच्या सिस्टर ॲग्नेस केरळच्या. त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं, शिस्त शाळेतल्यासारखी. त्या रोज मला भिंतीपाशी उभं करायच्या आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चढवायला लावायच्या, पाल चढते तशी. काख फाटते की काय असं वाटायचं. सिस्टर वळल्या की मी हात खाली घ्यायचे. खरं सांगायचं तर व्यायामाचा मला कंटाळा होता. आयुष्यभर काम केलं होतं, पण काहीही न उचलता हात नुसता वर-खाली करायचा, हे मला वेडेपणाचं वाटायचं.

शेजारच्या खाटेवर भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या. सगळे त्यांना आंटी म्हणायचे. पायाला वजन टांगलेलं, त्यामुळे उठता येत नव्हतं, म्हणून सगळ्या वॉर्डावर त्या खाटेवरूनच लक्ष ठेवायच्या. सुमन डब्यात शेवभाजी आणायची, तिचा पहिला मान आंटीचा. तिखटाने डोळ्यातून पाणी काढत म्हणायच्या, "ये लोग मिर्ची खाते हैं कि आग?" आणि परत ताटली पुढे करायच्या.

संध्याकाळी सिस्टर वॉर्डात प्रार्थना म्हणत. ज्यांची होती ते म्हणत, बाकीचे आपले गप्प पडून राहत. प्रार्थनेच्या आधी आणि नंतर आंटी उजवा हात कपाळाला लावायच्या, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या खांद्याला. बिनदिक्कत, पदर सारखा करावा इतक्या सहज.

मी बघत राहिले. माझा हात नेमका ज्या चार ठिकाणी पोचत नव्हता, त्याच चार ठिकाणी त्यांचा हात रोज जाऊन येत होता.

मी करून पाहिलं. छातीपर्यंत कसाबसा आला, म्हणजे पट्टीपर्यंत. कपाळासाठी हात वर गेलाच नाही, मलाच मान खाली घालून कपाळ हाताकडे न्यावं लागलं. आंटीने पाहिलं आणि हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बेटी, ये पीटी नहीं है."

म्हटलं, मला पीटीच पाहिजे आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनीही पाहिलं आणि त्या रागावल्या. म्हणाल्या, ही आमची प्रार्थना आहे बाई, हा खेळ नव्हे. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या आरतीच्या टाळ्या कोणी हाताचा व्यायाम म्हणून वाजवल्या तर मलाही आवडणार नाही. पण मला भिंतीवर पाल चढवण्यापेक्षा हे जमत होतं. हाताला जायला एक ठिकाण होतं, मग दुसरं ठिकाण होतं. भिंतीला शेवट नसतो.

वॉर्डाच्या भिंतीवर त्यांचा देव टांगलेला होता, क्रूसावर, हात खिळलेले. मी त्याच्याकडे बोट केलं. म्हटलं, "सिस्टर, हात हलवता येत नाही म्हणजे काय होतं, ते ह्यांना तरी कळेल ना?"

सिस्टर औषधांचा ट्रे उचलून निघून गेल्या. मला वाटलं आता डॉक्टरांकडे तक्रार जाणार. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी अटी सांगितल्या. माशी हाकलल्यासारखं करायचं नाही. बोटं जुळवून, सावकाश. मान खाली घालायची नाही, हात वर आला पाहिजे. प्रत्येक जागी थांबायचं. आणि मनात काहीतरी चांगलं म्हणायचं.

मी हो म्हटलं. शेवटची अट सोडून बाकी सगळ्या पाळल्या.

भेटायला आलेली माणसं

आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की थोडं बसावं, पाणी प्यावं, आणि आपण काय पाहिलं ते गावात सांगू नये.

अक्का आणि नाना आले तेव्हा प्रार्थना नुकतीच संपली होती. कपाळ आणि छाती झालं होतं, हात डाव्या खांद्यावर होता. उजव्या खांद्याला जायला मला सगळ्यात वेळ लागायचा, कारण कोपर बाजूला उचलावं लागतं आणि काख तिथेच ओढायची. मी दात आवळून हात नेत होते, आणि दारात अक्का उभी.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

म्हटलं, व्यायाम. तिने भिंतीकडे पाहिलं, आंटीच्या हातातल्या माळेकडे पाहिलं, सिस्टरांच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं. नाना दाराच्या आत आलेच नाहीत. आंटीने प्रेमाने विस्किटाचा पुडा पुढे केला, तर अक्काने हात मागे घेतला. मला कसं वाटतंय हे तिने विचारलं नाही. माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा आणला होता, तो डबा तसाच पिशवीत परत गेला. एवढ्या लांबून, दोन गाड्या बदलून आलेली भाकरी दारातून परत गेली. भूक मला नव्हतीच, पण तो डबा मी विसरले नाही.

सुमन त्यांना स्टँडवर सोडून आली आणि म्हणाली, ताई, ह्या बाई गावात जाऊन काहीतरी करणार.

त्या संध्याकाळपासून मी मनात म्हणायला लागले. कपाळाला हात लावताना अक्काचं नाव. छातीला ह्यांचं, त्या पडद्याआडच्या प्रश्नासाठी. डाव्या खांद्याला नानांचं, लेपासाठी आणि दारात उभं राहिल्याबद्दल. उजव्या खांद्याला रोगाचं, जे नाव मला कोणी सांगणार नव्हतं ते. प्रत्येक नावाला थांबायचं, सावकाश, बोटं जुळवून. तुम्हा एकेकाला बघून घेते, एवढाच मंत्र. हात भराभर वर येऊ लागला. सिस्टर खूश. डॉक्टर म्हणाले, हिच्यासारखी प्रगती मी पाहिली नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी सिस्टरांनी विचारलं की मी मनात काय म्हणत होते. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. नावं सांगितली.

सिस्टर जरा वेळ पट्टीच्या गुंडाळीशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "प्रार्थनेत शत्रूंची नावं घ्यायला आम्हालाही सांगितलं आहे. पण वेगळ्या हेतूने."

म्हटलं, "हेतू तुमचा तुम्ही बघा, सिस्टर. नावं माझी आहेत."

आंटी खाटेवरून इतक्या हसल्या की पायाचं वजन हललं आणि मग पायाच्या दुखण्याने शिव्या देऊ लागल्या. मला निरोप दिला तो असा.

कापसाची खोली

गावात मी पोचण्याआधी बातमी पोचली होती. धाकली बाटी गयी. धाकटी सून बाटली. सिस्टर लोकांनी ऑपरेशनच्या बदल्यात धर्म घेतला, असं कोणी म्हणे. गळ्यात क्रूस आहे, पट्टीखाली लपवला आहे, असंही. ज्या जागी आता काहीच उरलं नव्हतं, तिथे मी क्रूस लपवला होता म्हणे.

माझं अंथरूण माजघरातून निघून कापसाच्या खोलीत गेलं होतं. वेगळी ताटली, वेगळा पेला. जेवण उंबऱ्यावर ठेवून अक्का जायची. चुलीपाशी यायचं नाही. हे दाराबाहेर उभं राहून बोलायचे, जसं बँकेच्या खिडकीशी बोलतात.

नानांनी निरोप पाठवला की भाऊबंदांसमोर बसून चुकले म्हणायचं, शुद्धी करून घ्यायची, मग सगळं पहिल्यासारखं. ह्यांनी तो निरोप आणला आणि वर म्हणाले, चुकले एवढंच म्हणायचं आहे, काय जातं?

विचारलं, चुकले कशात? हात उचलण्यात? ह्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, तसं नाही केलं तर श्रावणात कानबाईला तुला हात लावू देणार नाहीत.

आमच्याकडे कानबाई देवीचा सण दिवाळीपेक्षा मोठा. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मुठीने गहू मोजायचे, दळायचे, त्याचा रोट करायचा, आणि तो फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. बाहेरच्याला त्यातला घास चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चौरंगावरची कानबाई, म्हणजे नथ घातलेला नारळ, घरातल्या सुनेने डोक्यावर घेऊन नदीला विसर्जनाला न्यायची. आमच्या घरची कानबाई लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी नेत आले होते. सासूबाईंनी अक्काला सोडून तो चौरंग माझ्या डोक्यावर ठेवला होता, कारण अक्काला डोक्यावर घागरसुद्धा तोलता यायची नाही. गावात नळ आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. पण सासूबाईंनी चौरंग मला दिला, हे ती विसरली नव्हती. आता सासूबाई नव्हत्या.

रोट नाही म्हणजे मी त्या कुळाची नाही. म्हणजे जिवंतपणी ताटातून उठवलेली. आजाराने जे केलं नाही ते ही माणसं करणार होती, तेही एका हाताच्या हालचालीसाठी.

मी चुकले म्हटलं नाही. हात उचलायचं थांबवलंही नाही. खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता, त्याचं बारीक तूस खोकल्यात यायचं, पट्टीला चिकटायचं. जसजसा कापूस विकला गेला तसतशी भिंत मोकळी होत गेली, आणि मी बोटं वर चढवत गेले. सिस्टरांची पालही सुरू केली. पण दिवसाची सुरुवात चार नावांनी. अक्का ताट ठेवायला यायची तेव्हा मी मुद्दाम करायचे. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. ती पदर तोंडावर घेऊन पळायची. मला जेवण गोड लागायचं.

इथे थोडं कामाचं सांगते. हाताला सूज येते, तो उशीवर उंच ठेवून झोपावं. त्या हातात सुई टोचून घेऊ नये, बांगड्या सैल घालाव्यात. पुन्हा पुन्हा तपासणीला जावं, कंटाळा येतो तरी जावं. ब्लाउजच्या रिकाम्या बाजूत कापूस भरायचा की नाही हे स्वतः ठरवावं. मी कापसाच्या ढिगावर झोपत होते आणि चिमूटभरही भरला नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं. आणि कीव करायला येणाऱ्या बाईला एक काम सांगावं, पाणी भरून दे, मिरच्या खुड. ती परत येत नाही.

उतार

श्रावण आला. घर पांढरं झालं, भांडी घासली गेली, मुठी मोजल्या गेल्या. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे गाणी झाली, आरती झाली, मला कोणी बोलावलं नाही. हे एकदा दारात आले, काहीतरी बोलायचं म्हणून उभे राहिले, आणि गेले.

सकाळी मी आंघोळ केली, हिरवं लुगडं नेसले आणि मिरवणुकीच्या शेवटी चालायला लागले. रस्ता गावाचा होता, अक्काच्या बापाचा नव्हता.

घरोघरच्या कानबाई निघाल्या होत्या, बायका फुगड्या खेळत होत्या, डफ वाजत होता. आमच्या घरची अक्काच्या डोक्यावर. दोन्ही हातांनी चौरंग गच्च धरलेला, मान ताठ, आणि चेहरा असा की परीक्षेला बसली आहे. गल्लीत ठीक होतं. पुढे केळीच्या बागेशेजारून रस्ता चिखलाचा होतो आणि मग नदीकडे उतार लागतो. मी त्या उताराची वाट बघत होते. उतारावर अंग मागे रेलून चालावं लागतं, हे घागर नेलेल्या बाईला पाय सांगतात.

अक्का उताराच्या तोंडाशी थांबली. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. चौरंगावरच्या कानबाईची नथ हलायला लागली.

घरापासून पाण्यापर्यंत चौरंग जमिनीला टेकवायचा नाही, ही रीत. आणि तो ज्या चुलीचा त्याच चुलीच्या सुनेने धरायचा, हीसुद्धा रीत. बाकीच्या बायकांच्या डोक्यावर त्यांच्या त्यांच्या कानबाई होत्या. आमच्या चुलीच्या सुना दोनच. एक चौरंगाखाली थरथरत होती, दुसरी शेवटी उभी होती.

अक्काने मान न हलवता डोळ्यांनी मला शोधलं. बायकांनी वाट दिली. मी सावकाश पुढे आले, तिच्या समोर, उताराच्या खालच्या बाजूला उभी राहिले, आणि हात खालीच ठेवले.

"धर," ती म्हणाली.

"हाऊ बाटेल हात शे, अक्का. चाली का तुमले?"

तिने चौरंग आणखी गच्च धरला. मग मी बोटं जुळवली. मान खाली न घालता हात कपाळाला नेला आणि थांबले. छातीला, रिकाम्या बाजूच्या कडेला, थांबले. डावा खांदा, थांबले. उजवा खांदा. माशी हाकलल्यासारखं अजिबात केलं नाही. सिस्टरांनी पाहिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. डफ बंद पडला होता. अक्काच्या कपाळावरचा घाम कुंकू घेऊन नाकापर्यंत आला होता.

"आते सांगा. धरू का?"

"धर व माय," अक्का म्हणाली. "पडी जाई."

माय म्हणाली ती मला. सगळ्या भाऊबंदांच्या बायकांसमोर. मी आणखी थोडं थांबले. थांबायची गरज नव्हती, पण थांबले. मग दोन्ही हात वर केले आणि चौरंग तिच्या डोक्यावरून माझ्या डोक्यावर घेतला. उजव्या काखेत कोणी दोरी ओढावी तसं झालं. हात वर राहिला.

मागे बायकांची कुजबूज सुरू झाली तशी अक्कानेच त्यांना गप्प केलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, तो व्यायाम शे, डॉक्टरनी सांगेल शे, त्यात काही नाही. म्हणणारच. नाहीतर बाटलेल्या हातात देवी दिली ती तिनेच, आणि विनवणी करून दिली, असं झालं असतं.

नदीहून परत येताना त्याच चौरंगावर नदीची वाळू आणतात. ती घरात जिथे कानबाई बसवली होती तिथे न्यायची, आरती करायची, आणि मग घरभर टाकायची, चुलीपाशीसुद्धा. वाळू आणणाऱ्या बाईला दारात कोणी अडवू शकत नाही. नाना ओसरीवर उभे होते, त्यांना बाजूला व्हावं लागलं. मी वाळू टाकत माजघरातून स्वयंपाकघरात गेले, तिथेच चुलीपाशी पाटावर बसले आणि म्हटलं, रोट वाढा. अक्काने वाढला.

हे त्या संध्याकाळी माझं अंथरूण माजघरात घेऊन आले. मी म्हटलं, बरं केलं. आता तुमचं घेऊन कापसाच्या खोलीत जा. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. नवा कापूस घरात येईपर्यंत ते तिथेच झोपले. एकदा विचारलं त्यांनी, हात कसा आहे? म्हटलं, चालतो.

नानांचं मी काही केलं नाही. अक्काचं तोंड रोज बघावं लागतं, ते पुरेसं आहे.

अजून

रोग परत आलेला नाही. तपासणीला मी धुळ्याला जाते, सिस्टरांची बदली झाली, आंटींचं पुढे काय झालं ते कळलं नाही. माफ केलंस का, असं सुमन कधी कधी विचारते. नाही केलं. लोक म्हणतात, मनात धरून ठेवलं की आजार वाढतो. माझा तर कमी झाला.

दर वर्षी चौरंग उचलायच्या आधी मी ती चार ठिकाणं करते. डॉक्टरांनी हात मोकळा करून मगच ओझं घे असं सांगितलं आहे, आणि सवयही झाली आहे. नावंही तीच. अक्का शेजारी आरतीचं ताट घेऊन उभी असते आणि गप्प बघते. व्यायाम आहे, असं तीच म्हणाली होती.

मागच्या श्रावणाच्या आधी अक्काच्या मुलाचं लग्न झालं. सून यावलकडची, चटपटीत, सगळं एकदा पाहून शिकणारी. लग्नानंतरचा पहिला सण, म्हणून अक्काने हौसेने सांगितलं की या वर्षी चौरंग तिची सून उचलेल. मला काही वाटलं नाही, माझाही एक दिवस हात थकणारच. मी म्हटलं, उचलू दे.

तिच्या माहेरी कानबाई वेगळ्या पद्धतीने नेतात, म्हणून ती आमच्या घरची आदल्या वर्षांची सगळी पद्धत बायकांना विचारून, घोकून आली होती. चौरंगासमोर उभी राहिली, पदर खोचला, आणि डोळे मिटून बोटं जुळवली. कपाळ. छाती. डावा खांदा. उजवा खांदा. सावकाश, प्रत्येक जागी थांबून, मोठ्या भक्तीने. आपल्या सासरच्या कुळाची रीत म्हणून.

अक्काच्या हातातलं ताट वाकडं झालं. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

मी सुनेसमोर चौरंग सारखा केला.

"उचल, बाई," म्हटलं. "बराबर करं."